चिकाचा पहिला मान वासराचा



'वात्सल्य' हा शब्द आपण आईविषयी बोलताना सहज वापरतो. त्या शब्दाच्या मुळाशी 'वत्स' आहे आणि वत्स म्हणजे वासरू. वासराला पाहून गाईला पान्हा फुटतो, त्यावरून माणसाच्या मायेलाही हे नाव मिळाले. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, आपण गाय आणि वासरू यांची एकत्र पूजा करतो. पुष्कळ घरांत त्या दिवशी गाईचे दूध, दही, तूप खात नाहीत. त्या दिवसाचे दूध वासराचे, असा त्यामागचा भाव आहे. पण वासराला दुधाची खरी निकड असते ती त्याच्या जन्माच्या दिवशी, आणि नेमक्या त्याच दिवशी ते पुष्कळदा उपाशी राहते.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात आजही अनेक मुलांच्या घरी एखादी गाय किंवा म्हैस असते. रात्री-अपरात्री गाय व्याली की गोठ्यात बॅटरी धरून उभे राहायला घरातली मुलेच पुढे असतात. म्हणून या अंकातील अभ्यासलेखासाठी आम्ही हा विषय घेतला आहे: नुकतेच जन्मलेले वासरू आपणहून लुचत नसेल, तर त्याला कसे पाजावे, आणि ते तातडीने का पाजावे.

चीक इतका महत्त्वाचा का?

गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिले तीन-चार दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येते त्याला आपण चीक म्हणतो. चिकात नेहमीच्या दुधापेक्षा प्रथिने आणि 'अ' जीवनसत्त्व कितीतरी जास्त असते. तो थोडा सारकही असतो, त्यामुळे वासराच्या पोटातले पहिले काळपट, चिकट शेण पडून जाते. पण त्याचे सर्वांत मोठे काम वेगळे आहे.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगाशी लढणारी काही द्रव्ये मिळतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. गाई-म्हशीच्या वारेची रचना अशी आहे, की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे तिच्यातून वासरापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा रोगाशी लढायचे साधन त्याच्याजवळ जवळजवळ नसतेच. ते साधन आईने चिकात साठवून ठेवलेले असते.

इथे वेळेचा प्रश्न येतो. जन्मल्यानंतर थोडे तास वासराच्या आतड्याची भिंत प्रतिपिंडांना जशीच्या तशी रक्तात जाऊ देते. पहिल्या सहा तासांनंतर ही वाट अरुंद होऊ लागते आणि सुमारे चोवीस तासांत बंद होते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, पण प्रतिपिंडे रक्तात पोहोचणार नाहीत. अशी वासरे पुढे हगवण आणि न्यूमोनिया यांना लवकर बळी पडतात. तिसऱ्या आठवड्यात वासरू दगावते तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो, पण त्याचे कारण पुष्कळदा पहिल्या रात्रीत सापडते.

किती पाजावा? हिशेब सोपा आहे. पहिल्या चोवीस तासांत वासराच्या वजनाच्या निदान दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. वासरू २० किलोचे असेल तर २ लिटर, २५ किलोचे असेल तर अडीच लिटर आणि पारडू ३० किलोचे असेल तर ३ लिटर. त्यातला निम्मा भाग पहिल्या दोन तासांत आणि उरलेला सहा ते बारा तासांच्या आत दोन-तीन वेळा विभागून द्यावा.

'वार पडू दे, मग पाजू'

आपल्याकडे अनेक घरांत अशी समजूत आहे, की वार पडल्याशिवाय वासराला आईजवळ सोडायचे नाही. वडीलधाऱ्यांनी ती चांगल्या हेतूनेच सांभाळली आहे, पण तिच्यामुळे वासराचे नुकसान होते. वार पडायला आठ ते बारा तासही लागू शकतात. तोवर चिकाचा सर्वांत मोलाचा काळ निघून जातो.

शिवाय वासरू लुचू लागले, की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्यामुळे पान्हा उतरतो आणि गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे लुचण्याने वार पडायला मदतच होते. बारा तास उलटूनही वार पडली नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. हाताने ओढू नये, तिला दगड किंवा चप्पल बांधू नये.

वासरू लुचत का नाही?

धडधाकट वासरू साधारण अर्ध्या-एक तासात धडपडत उभे राहते आणि दोन तासांच्या आत सड शोधून लुचू लागते. तसे झाले नाही तर आधी कारण पाहावे.

पहिले कारण वासरातले असते. बाळंतपण लांबले, वासरू ओढून काढावे लागले, तर त्याला प्राणवायू कमी पडलेला असतो. ते सुस्त असते, कधी जीभ सुजलेली असते. दिवसांआधी जन्मलेल्या किंवा पावसापाण्यात गारठलेल्या वासरातही लुचण्याची ताकद नसते. खानापूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात गोठ्याची जमीन ओली राहते, तिथे गारठ्याचे कारण आधी तपासावे.

दुसरे कारण आईकडे असते. पहिलारू गाय बावरते, कास ताठरलेली असल्याने दुखते, ती लाथ झाडते किंवा पान्हा चोरते. तिसरे कारण कासेच्या ठेवणीत असते. वासराची उपजत ओढ आईच्या पोटाखाली उंचावर, मांडीच्या खोबणीत शोधण्याची असते. म्हाताऱ्या गाईची कास खाली लोंबत असेल तर बिचारे वासरू वरच हुंगत राहते आणि थकून बसते. सड फार जाड असेल तर तो त्याच्या तोंडात मावत नाही. कधी सडाच्या टोकाला घट्ट बूच बसलेले असते आणि वासराने कितीही ओढले तरी काही येत नाही.

कसे पाजावे?

ही कामे मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करावीत. मुलांनी गाईच्या मागे उभे राहू नये.

१. वासराच्या नाकातोंडातील चिकटा स्वच्छ फडक्याने पुसावा. कोरड्या गोणपाटाने किंवा गवताच्या बोळ्याने अंग खसखसून चोळावे. त्याने ऊबही येते आणि श्वासही मोकळा होतो. वासराला आडवे पडू न देता छातीवर बसवावे. बेंबीची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी.

२. गाईला वासरू चाटू द्यावे. ती चाटत नसेल तर वासराच्या पाठीवर थोडा कोंडा आणि चिमूटभर मीठ टाकावे. चाटण्याने वासरू जागे होते आणि आईला त्याचा वास ओळखीचा होतो.

३. कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. चारी सडांच्या दोन-दोन धारा वेगळ्या भांड्यात काढाव्यात. सडाचे बूच निघते आणि चीक कसा आहे तेही कळते. त्यात रक्त किंवा गाठी दिसल्या तर कासदाहाची शंका घ्यावी आणि त्या सडाचा चीक पाजू नये. मग दोन मिनिटे कास हलक्या हाताने चोळावी. म्हशीचा पान्हा गाईपेक्षा सावकाश उतरतो. अशक्त वासराला कोरडा सड ओढायला लावले तर होती ती ताकदही संपते, म्हणून पान्हा उतरल्यावरच त्याला जवळ आणावे.

४. नखे कापलेले, साबणाने धुतलेले बोट वासराच्या तोंडात, जिभेवर ठेवावे. ते बोट चोखू लागले तर अर्धे काम झाले. चोखत नसेल तर टाळू हलकेच चोळून पाहावी. तोंड आतून गार लागत असेल तर आधी वासराला ऊब द्यावी.

५. वासराला आईच्या बाजूला, डोके कासेकडे करून उभे करावे. आपण त्याच्या मागे राहून त्याचे ढुंगण आपल्या गुडघ्यांनी सावरावे. डोके वरून दाबू नये. वरून दाबले की वासरू उलटे मागे रेटते. हनुवटीखाली हात धरून तोंड सडाशी न्यावे, ओठांवर चिकाचे दोन थेंब पिळावेत आणि सड जिभेवर ठेवावा. लोंबत्या कासेच्या गाईला सड हाताने उचलून द्यावा लागतो.

६. वासरू लुचत असताना गाय त्याच्या शेपटीचे मूळ चाटते, हे तुम्ही पाहिले असेल. आपणही तिथे बोटांनी खाजवावे. त्याने वासराला हुरूप येतो.

७. दहा-पंधरा मिनिटांत जमले नाही तर थांबावे. वासराला कोरड्या जागी विसावा द्यावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा. रागावून, मान धरून केलेल्या जबरदस्तीने वासरू सडाला बुजते.

शेपूट हलू लागली, ओठांवर फेस आला, गळ्यात घोट जाताना दिसू लागले आणि वासरू कासेला ढुशा देऊ लागले, की ते शिकले असे समजावे.

बाटलीने पाजताना

दोन तास झाले तरी सड धरता येत नसेल, तर चीक काढून बूच असलेल्या बाटलीने पाजावा. बाटली स्वच्छ असावी आणि चीक अंगाच्या उबेइतका, साधारण ३८-३९ अंश सेल्सिअस, कोमट असावा. चीक चुलीवर तापवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करावा. वासराची मान त्याच्या लुचण्याच्या उंचीला ठेवावी. चोखताना वासराच्या पोटात एक खाच नळीसारखी मिटते आणि दूध कोठीपोटात न जाता थेट चौथ्या, खऱ्या पोटात जाते. निसर्गाची ही सोय चोखण्यावर चालते, म्हणून वासराला ओतून पाजण्यापेक्षा चोखू देणे चांगले.

मान वर करून, नळ्याने किंवा बाटलीने घशात चीक कधीही ओतू नये. तो श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसात उतरतो आणि वासरू हातचे जाते. वासरू बोटही चोखत नसेल, जिभेत जोर नसेल, अंग गार असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे. ते अन्ननलिकेतून नळी घालून चीक पोटात पोहोचवू शकतात. वासराचे तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश असते. ते ३८ अंशांच्या खाली गेले असेल तर डॉक्टर येईपर्यंत वासराला कोरडे करून पोत्यात गुंडाळून ठेवावे.

आईला चीकच नसेल किंवा आई दगावली असेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक शेजाऱ्यांकडून मागून आणावा. साधे दूध पोट भरते, पण चिकाची जागा घेऊ शकत नाही.

आणि खरवस?

खरवस कोणाला आवडत नाही? आपले कन्नडभाषक शेजारी त्याला गिण्णू म्हणतात. गाय व्याली की तो मराठी घरातून कन्नड घरात आणि कन्नड घरातून मराठी घरात जातो. हा शेजारधर्म टिकावा, असेच आम्हाला वाटते.

मात्र खरवस घट्ट कशामुळे होतो, ते लक्षात घ्या. चिकातली प्रथिने उष्णतेने गोठतात. त्या प्रथिनांत वासराला वाचवणारी प्रतिपिंडेही असतात. ती पहिल्या धारेत सर्वांत जास्त असतात आणि पुढच्या प्रत्येक धारेला कमी होत जातात. म्हणून वाटणी अशी करावी: पहिल्या दिवशी वासराचा हिस्सा मोजून आधी त्याला पाजावा आणि उरेल तो घरात न्यावा. संकरित गाईला चीक भरपूर येतो, तिथे खरवसासाठी नक्की उरतो. देशी गाईला कमी येतो, तिथे शेजाऱ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या खरवसावर समाधान मानावे. तो जरा सैल होईल, एवढेच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कालवड किंवा पारडी झाली तर घरात आनंद होतो आणि तिला पोटभर पाजले जाते. म्हशीला रेडकू झाले, की दूध विकायचे म्हणून त्याच्या तोंडचे दूध तोडले जाते आणि ते खंगत जाते. दुधाच्या पैशावर घर चालते, शाळेची फीही त्यातूनच येते, हे आम्ही जाणतो. पण पहिल्या दिवसाचा चीक डेअरीत घेतही नाहीत. निदान तो तरी नर-मादी न पाहता प्रत्येक जिवाला मिळावा.

स्वाध्याय

१. तुमच्या गोठ्यातील किंवा शेजारच्या नवजात वासराचे वजन २२ किलो आहे. त्याला पहिल्या दिवशी किती चीक लागेल? पहिल्या दोन तासांत किती?

२. वासरू जन्मले, उभे राहिले, पहिल्यांदा लुचले आणि वार पडली, या चार वेळा वहीत नोंदवा व वर्गात सांगा.

३. घरातील आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी वासराला केव्हा पाजत असत, आणि का?

४. एक चमचा चीक आणि एक चमचा साधे दूध वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन मोठ्यांच्या मदतीने वाफवा. काय फरक दिसतो? कारण लिहा.

सूचना: वार आणि तिचे पाणी यांना उघड्या हातांनी शिवू नये. गोठ्यातून आल्यावर हात साबणाने धुवावेत. कच्चा चीक माणसांनी पिऊ नये. काही रोग जनावरांकडून आपल्याकडे येतात.