इंग्रजी शिकणारे मूल आणि मदतीच्या तीन पायऱ्या

चुल्लपंथक स्थविरांची कथा आपण वर्षावासात ऐकतो. चार महिने झाले तरी त्यांना एक गाथा पाठ होईना. ज्येष्ठ बंधू महापंथक यांनी त्यांना विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्यांना स्वच्छ वस्त्राचा एक तुकडा दिला आणि तो हाताने चोळीत एकच शब्द म्हणत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, अनित्यता उमगली आणि चुल्लपंथक अर्हत झाले. शिष्य तोच होता, शिकविण्याची रीत बदलली.

असे चुल्लपंथक आज आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आला. अनेक पालक पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. घरी इंग्रजी बोलणारे कोणी नसते. मूल मागे पडले की 'डोक्याने कच्चे' हा शिक्का बसतो, आणि पुढे ते मूलही तो खरा मानू लागते. हा शिक्का खरा की खोटा हे पाहण्याची एक पद्धत अमेरिकेत रूढ झाली आहे. तिचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

दोन खटले

१९७० साली कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांच्या वतीने दावा दाखल झाला. त्यांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसविले होते. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बहुतेक मुले त्या वर्गात बसविण्याजोगी नव्हतीच असे दिसून आले.

दुसरा खटला सॅन फ्रान्सिस्कोचा. तेथे चिनी वंशाच्या सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी येत नसताना कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. २१ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात मुलांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वांना तेच पुस्तक, तोच शिक्षक आणि तोच वर्ग दिला म्हणजे समानता होत नाही, असा त्याचा आशय होता. या निर्णयाचा आधार १९६४ चा नागरी हक्क कायदा होता, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आला होता, हे आपण विशेष लक्षात ठेवावे.

तीन पायऱ्या

२००४ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतील शाळांना अशी मुभा दिली की, मुलाला अध्ययन अक्षमता आहे असे ठरविताना आधी नीट मदत देऊन ते कसा प्रतिसाद देते हे पाहता येईल. त्यातून तीन पायऱ्यांची रचना पसरली.

१. पहिली पायरी सर्व वर्गासाठी. शिक्षकाने धड्यातील नवे शब्द आधी समजावावेत, चित्रे व वस्तू दाखवाव्यात, मुलांना बोलते करावे.

२. दुसरी पायरी मागे राहिलेल्यांसाठी. तीन ते पाच मुलांचा गट, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, वीस ते चाळीस मिनिटे. वर्गातले शिकविणे चालू ठेवून हे जादा द्यावयाचे.

३. तिसरी पायरी त्यानंतरही अडलेल्या थोड्या मुलांसाठी. एकाला एक शिक्षक, अधिक वेळ, अगदी लहान टप्पे.

मूल वर-खाली कधी सरकवावे हे अंदाजाने ठरवीत नाहीत. मुलाने एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले याची दर आठवड्याला वा पंधरवड्याला नोंद ठेवतात.

चूक ओळखावी कशी?

येथे मोठी सावधगिरी हवी. मराठी मूल इंग्रजीत 'अ' आणि 'द' ही उपपदे गाळते, कारण मराठीत ती नाहीत. ते क्रियापद शेवटी नेते, कारण आपले वाक्य तसेच असते. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांत गोंधळते, कारण आपल्याकडे दोहोंना एकच 'व' आहे. या चुका भाषा बदलल्याच्या खुणा होत. म्हणून अशा मुलाची तुलना घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाशी करू नये. त्याच्यासारख्याच घरातून आलेल्या, तितकीच वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाशी करावी. तेच मूल मराठी वाचतानाही सतत अडखळत असेल, तर मात्र डोळे व कान तपासून घ्यावेत आणि तज्ज्ञाला दाखवावे.

धीरही हवा. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. पहिली सुमारे दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. मूल खेळताना फाडफाड इंग्रजी बोलते आणि विज्ञानाच्या पेपरात नापास होते, याचे कारण बहुधा येथे सापडते.

आपल्या अभ्यासिकेत

हे आपल्याला झेपेल का, असे कोणी विचारील. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाची मुंबई व वडोदरा येथे पाहणी झाली. वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांचे लहान गट घेऊन वाचन व अंकगणित शिकवीत. सर्वात कच्च्या मुलांना अधिक फायदा झाला. तो विषय इंग्रजीचा नव्हता. पण वस्तीतली माणसे हे काम करू शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

विहारातील अभ्यासिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सायंकाळी अर्धा तास चार मुलांसाठी द्यावा. अर्थ मराठीतून सांगावा, शब्द इंग्रजीतून म्हणवून घ्यावा. एक वही ठेवावी व तीत प्रत्येक मुलाच्या वाचनाची नोंद करावी. तीन महिन्यांनी ती वही पालकांसमोर उघडावी. कोणत्या मुलाला पुढची पायरी हवी, हे तीच सांगेल.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि आपल्यासाठी महाविद्यालयांची दारे उघडली. त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच एखादे मूल केवळ परक्या भाषेपायी मागे फिरत असेल, तर तो दोष त्या मुलाचा नव्हे. त्याच्या हाती वस्त्राचा तुकडा द्यायला आपण कमी पडलो, असेच म्हणावे लागेल.

जयभीम!