मुक्ताला पत्र

चि. मुक्तास,



नागपूरच्या रुग्णालयाने देऊ केलेला पगाराचा आकडा तू पत्रात दोनदा लिहिलास. तुमच्या सेवाग्रामच्या कॉलेजात खासगी प्रॅक्टिसला बंदी आहे, डोक्यावर घराचं कर्ज आहे. पैशाचा विचार करतेस याची लाज बाळगू नकोस. पण चौतीस वर्षं मेडिसिन शिकवताना मी जे सहकारी जाताना पाहिले, त्यातले बरेचसे पगारापेक्षा आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून गेले.

मीही निघालेच होते. एका सरकारी कॉलेजात असताना, तपासणीपुरती शिक्षकांची संख्या भरायची म्हणून मला चार दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यात धाडलं. माझ्याकडे प्रबंध करणाऱ्या निवासी डॉक्टरांचं काय, हे कुणी विचारलंही नाही. त्या रात्री राजीनामा लिहून ठेवला.

तो दिला नाही एका विद्यार्थिनीमुळे. नव्या वॉर्डात मायट्रल स्टेनोसिसची एक बाई होती. या मुलीला मर्मर काही केल्या ऐकू येईना. बाईंना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगितलं, आणि मुलीला म्हटलं, ‘स्टेथोस्कोपची बेल दाबू नकोस, नुसती टेकव.’ लांबच्या ढगांसारखी ती गुरगुर तिला सापडली, तेव्हाचा तिचा चेहरा मला आजही दिसतो. आरोग्य विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. रवी बापटांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’. ते नाव मला म्हणूनच फार जवळचं वाटतं.

तुझ्या पत्रात वॉर्ड कुठेच नाही गं. फॉर्म आहेत, हजेरीचं यंत्र आहे, मीटिंगा आहेत. गेल्या महिन्याची डायरी काढ आणि पेशंटच्या खाटेशी विद्यार्थ्यांबरोबर किती तास होतीस ते मोज. तो कागद घेऊन विभागप्रमुखांकडे जा आणि आठवड्यातल्या दोन सकाळी पूर्ण शिकवण्यासाठी माग. सुशीला नायरांनी 1969 साली सुरू केलेल्या तुमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं दत्तक गावात राहायला जातात. यंदा त्यांच्याबरोबर जायचंही माग.

विभागप्रमुखांनी ऐकलं, तर वर्षभर थांब. हसण्यावारी नेलं, तर नागपूरला जा, मनात अपराधीपण न ठेवता. फक्त जाण्याआधी तिथे निवासी डॉक्टर शिकायला आहेत का, ते विचारून घे.

दिवाळीला येताना डायरी आण. आपण दोघी बसून बघू.

तुझी,
मावशी