‘प्रवास’ या शब्दात जाणं नाहीच!



शाळा सुरू झाल्यावर चौथीच्या मुलांना मी ‘माझा प्रवास’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. बहुतेकांनी एसटी, खिडकीची जागा, मामाचं गाव असंच लिहिलं. एका मुलाने मात्र गाडीवर एकच ओळ लिहिली. बाकी सगळं ऊसतोडीच्या कोपीचं: पहाटे आई-बाबा तोडीला गेले की धाकट्या बहिणीला कसं सांभाळतो, पाणी कुठून आणतो. मी लाल पेनने शेरा मारला, ‘विषय सोडून लिहिले आहे.’

घरी गेल्यावर तो शेरा काही मनातून जाईना. म्हणून शब्दाची फोड करून पाहिली. प्र + वास. ‘वस्’ हा धातू म्हणजे राहणे. निवास, सहवास, वनवास, वसतिगृह, आपली वस्ती, ही सगळी त्याचीच भावंडं. उपवाससुद्धा! त्याचा मूळ अर्थ जवळ राहणे. जाण्याचा धातू ‘या’, तो यात्रेत आहे, प्रवासात नाही. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून परमुलखात राहणे. जिचा नवरा असा दूर राहतो ती प्रोषितभर्तृका, आणि ‘प्रोषित’ हे याच धातूचं रूप. मेघदूतातला यक्ष वर्षभराच्या शापामुळे रामगिरीवर राहिला. तो कुठे फिरत नव्हता, तरी प्रवासातच होता.

हिंदीने हा अर्थ टिकवला. 2020 च्या टाळेबंदीत हिंदी बातम्यांत ‘प्रवासी मजदूर’ ऐकून आपली मुलं गोंधळायची, कारण मराठीत प्रवासी म्हणजे तिकीट काढून गाडीत बसलेला माणूस. हिंदीत तो स्थलांतरित. 9 जानेवारीचा ‘प्रवासी भारतीय दिवस’ही तसाच. 1915 साली याच दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले. तिथले प्रवासी सहलीला निघालेले नाहीत, परदेशात राहणारे आहेत.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने विषय सोडला नव्हता. उलट शब्दाच्या मुळाशी तोच जास्त जवळ होता. दुसऱ्या दिवशी मी शेरा खोडला आणि त्याला निबंध मोठ्याने वाचायला लावला. मुलांनी प्रश्न विचारून त्याला भंडावलं. कोपीला दार असतं का? साप येतात का? एरवी गप्प बसणारा तो तासभर बोलत होता.

नंतर ‘वस्’ची भावंडं शोधायचा खेळ घेतला. तुम्हीही घ्या, पण दोन शब्दांना फसू नका. वसूल अरबीतून आलेला आहे आणि वसुबारसेतला ‘वसु’ म्हणजे धन. दोन्ही शब्द मुलं हमखास सांगतात.

आणि एक, हा पाठ दिवाळीच्या सुट्टीआधीच घ्या. तोडीला जाणारी मुलं तेव्हा वर्गात असतात.