वायफाय नेमके कुठे तुटते? व्यापाऱ्यांसाठी दोष शोधण्याची सोपी रीत

कापडाच्या ताक्यात दोष निघाला म्हणून जाणता व्यापारी लगेच विणकराला जबाबदार धरीत नाही. दोष सुताचा आहे, सायझिंगचा आहे, मागावरचा आहे की प्रोसेस हाऊसमधला, हे तो आधी पाहतो. कारण भरपाई कोणाकडे मागायची, हे त्यावरच ठरते. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हाच व्यापारी घाई करतो. लॅपटॉपवर वायफाय दोनदा तुटले की तो कंपनी बदलतो, महागडा प्लॅन घेतो किंवा नवा लॅपटॉप आणतो. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

ही बाब आता किरकोळ राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले. टेम्पो भरून उभा आहे, ड्रायव्हर घाई करतो आहे आणि लॅपटॉपवर चक्र फिरते आहे, अशी वेळ अनेक गाळ्यांवर येते. बिलाशिवाय माल निघाला तर तो वाटेत अडवला जाऊ शकतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचे ३बी २० तारखेच्या पुढे गेले आणि कर देणे असेल, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळे. म्हणून मर्ज ओळखण्याची रीत प्रत्येक व्यापाऱ्याने शिकून घ्यावी. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

चार टप्पे समजून घ्या

इंटरनेट आपल्या लॅपटॉपपर्यंत चार टप्प्यांतून येते. पहिला टप्पा कंपनीची बाहेरून येणारी लाइन, दुसरा राउटर, तिसरा राउटर व लॅपटॉप यांच्यामधली हवा आणि चौथा स्वतः लॅपटॉप. दोष यांपैकी एका ठिकाणी असतो, कधी दोन ठिकाणी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, म्हणून इंटरनेट ठीक आहे असे नाही. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच की, राउटरचा संदेश लॅपटॉपला नीट पोहोचतो आहे. राउटरच्या पलीकडची लाइन बंद असली तरी चिन्ह भरलेले दिसू शकते.

तीन चाचण्या, एकामागून एक

पहिली चाचणी: लॅपटॉप जेथे तुटतो, त्याच टेबलावर मोबाइल ठेवा. मोबाइल डेटा बंद करा, त्याच वायफायला जोडा आणि एखादी वेबसाइट उघडा. मोबाइल व्यवस्थित चालला आणि लॅपटॉप तुटत राहिला, तर दोष बहुधा लॅपटॉपचा. दोन्ही तुटले तर पुढे चला.

दुसरी चाचणी: लॅपटॉप उचलून राउटरपासून पाच-सहा फुटांवर न्या. तेथे चांगले चालले, तर दोष मधल्या हवेचा, म्हणजे अंतराचा किंवा अडथळ्याचा.

तिसरी चाचणी: तेथेही तुटत असेल, तर राउटर व लॅपटॉप नेटवर्क केबलने जोडा आणि वायफाय बंद करा. केबलवर चांगले चालले तर संशय राउटरच्या वायफायवर. केबलवरही तुटले तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा, क्वचित राउटरचा.

अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीसाठी आणखी एक पक्की परीक्षा आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबा. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल, पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ असा असतो. आता ‘पिंग’, मग तो पत्ता, मग उणे चिन्हाला जोडून ‘टी’ हे अक्षर इंग्रजीत लिहून एंटर दाबा. दुसऱ्या खिडकीत तसेच ८.८.८.८ या पत्त्यासाठी करा. हा गुगलचा सार्वजनिक पत्ता आहे. दोन्ही खिडक्या अर्धा तास चालू ठेवा. राउटरकडून उत्तर नियमित येते, पण बाहेरून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे वारंवार येते, तर आपले वायफाय निर्दोष आहे. तक्रार कंपनीकडे करावी. राउटरकडूनच उत्तर खंडित होत असेल, तर दोष आपल्या गाळ्यात आहे. कंपनीशी भांडून उपयोग नाही.

दोष हवेत असेल तर

वायफायच्या लहरी लाकूड, काच व कोरडे कापड यांतून बऱ्यापैकी पार होतात. लोखंड त्यांना अडवते. आपल्या गाळ्यांत पोलादी रॅक, तिजोरी, शटर आणि सळ्यांचा स्लॅब असतो. राउटर पोटमाळ्यावर किंवा पोलादी कपाटामागे ठेवला आणि मुनीम खाली मागच्या खोलीत बसला, तर तुटणारच. राउटर उंचावर, उघड्यावर आणि शक्यतो कामाच्या टेबलासमोर ठेवावा. त्यावर ताके किंवा फाइली रचू नयेत. उष्णतेनेही तो अडखळतो.

बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ चा पट्टा दूर जातो, भिंतीतूनही बरा जातो. पण त्यावर गर्दी फार. भारतात २००५ पासून हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी असे सर्व त्याच परिसरात चालतात. ५ चा पट्टा वेगवान व मोकळा, पण त्याची पोच कमी. टेबल राउटरच्या जवळ असेल तर ५ वापरावा. लांब असेल तर २.४ वापरून राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत.

बिलिंगचा संगणक एकाच जागी राहत असेल, तर सर्वांत उत्तम इलाज म्हणजे केबल. एकदाच टाकायची आणि निश्चिंत राहायचे.

दोष लॅपटॉपमध्ये असेल तर

१) वायफायच्या यादीत आपले नाव ‘फॉरगेट’ करून पासवर्ड देऊन नव्याने जोडा.

२) डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा. पॉवर मॅनेजमेंट हा भाग दिसत असेल, तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. चार्जर काढताच जोडणी तुटत असेल, तर पुष्कळदा हेच कारण असते.

३) वायफाय कार्डाचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या.

४) तारीख व वेळ तपासा. घड्याळ चुकीचे असेल तर बँकेच्या व सरकारी वेबसाइट उघडत नाहीत आणि दोष नेटवर जातो.

५) बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी ३ ला जोडलेली असेल, तर ती काढून पाहा. तिचा गोंगाट २.४ च्या पट्ट्याला त्रास देऊ शकतो.

दोष लाइनमध्ये किंवा राउटरमध्ये असेल तर

राउटरची वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा चालू करा आणि तीन मिनिटे थांबा. रोजच असे करावे लागत असेल, तर तो इलाज नव्हे, तात्पुरती मलमपट्टी आहे. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला, तर प्रकाश आपल्यापर्यंत येतच नाही, असे समजावे. फायबरची तार कोठे मुडपली आहे का, तेवढे पाहावे. बाकी काम कंपनीच्या माणसाचे. वीज झटक्याझटक्याने जात असेल, तर राउटरला छोटा यूपीएस लावावा. पासवर्ड बाजारभर वाटलेला असेल तर बदलावा. वीस मोबाइलवर व्हिडिओ चालू असतील तर बिल कसे निघणार?

वही ठेवा

आठ दिवस एका कागदावर तारीख, वेळ, जागा आणि काय चालले नाही, एवढे लिहून ठेवावे. रोज संध्याकाळीच तुटते की एकाच टेबलावर तुटते, की फक्त बॅटरीवर, हे कागदच सांगेल. कंपनीकडे तक्रार करताना हाच कागद आणि पिंगच्या खिडकीचा फोटो दाखवावा व तक्रार क्रमांक घ्यावा. ‘नेट चालत नाही’ या तोंडी तक्रारीपेक्षा त्याचे वजन जास्त असते.

निकडीच्या वेळी मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट वापरावे. त्यात लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा संबंधच येत नाही. कोणाच्याही खुल्या वायफायवर बँकेचे काम करू नये. २० तारखेला फक्त जीएसटीचे पोर्टलच अडकत असेल आणि इतर वेबसाइट उघडत असतील, तर दोष आपला नाही, तेथील गर्दीचा आहे.

या सर्व चाचण्या मोकळ्या दिवशी, शांतपणे कराव्यात. एक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडला ते पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कोणता होता हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच खर्च करावा लागतो.