घरातला फितूर

दरोडेखोर आणि भामटा यांत मोठा फरक आहे. दरोडेखोर दार फोडून येतो. त्याच्या येण्याने सारी आळी जागी होते. भामटा पाहुणा म्हणून येतो, आपण दिलेला चहा घेतो आणि घरात कोठे काय ठेवले आहे ते मनात टिपून ठेवतो. घरच्या संगणकावर येणारी बहुतेक संकटे या दुसऱ्या जातीची असतात.

संगणकाला स्वतःची बुद्धी नसते. प्रोग्राम म्हणजे आज्ञांची यादी. ती सांगेल तसा तो राबतो. आज्ञा चित्र रंगवण्याची आहे, की आईच्या बँकखात्याचा पासवर्ड दूरदेशीच्या कोणास कळवण्याची आहे, हा भेद त्याला कळत नाही. अपाय करण्याच्या हेतूने रचलेल्या प्रोग्रामांना मालवेअर म्हणतात. त्यांतील चतुर असतात ते संगणक बिघडवीत नाहीत, फारसा मंदही करीत नाहीत. कारण उघडे पडले की त्यांचा अवतार संपला. म्हणून संगणक सुरळीत चालतो आहे, एवढ्यावरून तो निरोगी आहे असे मानू नये.

मे २००० मध्ये फिलिपीन्समधून निघालेले एक प्रेमपत्र जगभरच्या ई-मेलमध्ये येऊन पडले. सोबतच्या फाइलीच्या नावाअखेर ‘टीएक्सटी’ ही अक्षरे दिसत, म्हणजे साधा मजकूर. परंतु त्यापुढे ‘व्हीबीएस’ अशी आणखी तीन अक्षरे होती आणि ती सांगत होती की, हे पत्र नव्हे, प्रोग्राम आहे. संगणकाचा सारा कारभार पाहणारी विंडोज ही कार्यप्रणाली नावाचे हे शेपूट सहसा झाकून ठेवी. (आजही ते दिसावे असे वाटत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तशी सूचना द्यावी लागते.) लोकांनी कुतूहलाने पत्र उघडले. त्याने त्यांच्या फोटोंच्या फायलींवर आपलीच नक्कल लिहिली आणि त्यांच्या ओळखीच्या सर्वांना, त्यांच्याच नावाने, तेच पत्र धाडले. ओळखीच्या माणसाकडून आले म्हणून पुढच्यानेही ते उघडले! दार कोणी फोडले नव्हते. कडी आतूनच काढली गेली होती.

याहूनही विलक्षण हकीकत २००५ सालची आहे. सोनी बीएमजी या संगीत कंपनीने, गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून, आपल्या काही सीडींवर एक प्रोग्राम घातला होता. सीडी संगणकात सरकवली की गाणी ऐकण्याचे साधन बसवण्याची परवानगी मागितली जाई. ती मिळाली की त्याच्या आडून दुसराही एक प्रोग्राम चोरपावलांनी आत शिरे, विंडोजच्या मुळाशी जाऊन बसे आणि ठरावीक अक्षरांनी आरंभ होणाऱ्या नावाची प्रत्येक फाइल दृष्टीआड करी. स्वतःला असे लपवणाऱ्या प्रोग्रामांना रूटकिट म्हणतात.

मार्क रुसिनोविच या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी तो पकडला. त्यांनी रचलेल्या तपासनीस प्रोग्रामची युक्ती उलटतपासणीसारखी होती. डिस्कवर कोणकोणत्या फायली आहेत, हे तो प्रथम विंडोजला विचारी; नंतर विंडोजला बाजूस सारून डिस्क स्वतः वाची; आणि दोन्ही याद्या ताडून पाही. रुसिनोविच यांच्या स्वतःच्याच संगणकावर त्या जुळेनात. डिस्कवर असलेल्या काही फायलींचा विंडोजला पत्ताच नव्हता. तो प्रोग्राम उपटून काढताच सीडी वाचणारे यंत्रही दिसेनासे झाले. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. पुढल्याच महिन्यात इतरांनी रचलेले मालवेअर त्याच आडोशाला दडू लागले आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. दाम मोजून गाणी विकत घेणाऱ्या सरळ माणसांच्याच घरी हे घडले, याचे वाईट वाटते.

किल्लेदारच फितूर झाला, तर गडावर रात्री कोण आले-गेले हे त्यालाच विचारून काय उपयोग? रूटकिटची शंका आली म्हणजे तपास बाहेरून व्हावा लागतो. विंडोजसोबत मिळणाऱ्या डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन’ तपासणीची सोय आहे. तिच्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि विंडोज जागी होण्यापूर्वीच डिस्क धुंडाळली जाते. सुमारे १५ मिनिटांचे हे काम. आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्रही मालवेअर शोधण्याची साधने विनामूल्य पुरवते.

फितुरास मुळात शिरूच न देणे अर्थात अधिक सोपे. संगणकावर दोन खाती ठेवावीत. एकास सर्व अधिकार असावेत. ते मोठ्यांच्या हाती राहावे आणि क्वचितच उघडावे. रोजचा अभ्यास व करमणूक दुसऱ्या, मर्यादित अधिकारांच्या खात्यात चालावी. म्हणजे एखादा लबाड प्रोग्राम तेथे सुरू झालाच, तरी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हाती सहसा लागत नाही. विकतचा खेळ कोणी ‘कुलूप तोडून’ फुकट देऊ करतो, तेव्हा त्याने तोडलेल्या कुलपाच्या जागी काय बसवले आहे, हे आपणांस दिसत नसते.

अपडेटची सूचना आली की ‘नंतर पाहू’ म्हणण्याची आपल्याला भारी सवय! मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यापैकी कित्येकांच्या संगणकांत १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचे मालवेअर त्याच भगदाडातून शिरले. त्याने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. दीडशे देशांत हाहाकार उडाला. इंग्लंडमधील रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रियाही पुढे ढकलाव्या लागल्या.

अशा प्रसंगी ज्यांच्या फोटोंची व हिशेबांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असते, ते लोक निभावतात. मात्र प्रत काढून झाल्यावर ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर तीही कुलूपबंद होते. रूटकिट खरोखरच सापडला, तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवावी, आणि त्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह दुसऱ्या, निर्दोष संगणकावर तयार करावा. बँकेचे व ई-मेलचे पासवर्डही त्या दुसऱ्या संगणकावरूनच, त्याच दिवशी बदलून टाकावेत.