कल्पक आणि व्यवहारी : उद्योगातील जोडी कशी जमवावी?



औताला बैल जुंपताना आपण जोडी पारखतो. दोन्ही तापट असले तर तास वाकडे जाते, दोन्ही मठ्ठ असले तर औत हलत नाही. प्रक्रिया उद्योगात भागीदार घेताना मात्र आपण केवळ नाते व मैत्री पाहतो. खरे तर नवे सुचणारा एक आणि ते रोज वेळेवर पार पाडणारा दुसरा, अशी जोडी उद्योगाला लागते.

आणंदचा धडा

गुजरातमधील खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९४६ साली नोंदला गेला. पुढे तो 'अमूल' नावाने प्रसिद्ध झाला. सुरुवातीला दोन गावांच्या संस्था आणि रोजचे सुमारे २५० लिटर दूध एवढाच पसारा होता. हिवाळ्यात दूध वाढे, पण मुंबईत ते सगळे खपत नसे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे तेव्हा तज्ज्ञ समजत. दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. वर्गीस कुरियन यांनी यंत्रे, कारखाना व बाजारपेठ यांची व्यवस्था लावली. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी शेतकऱ्यांना एकत्र बांधून ठेवले. १९५५ साली नवी डेअरी सुरू झाली. तिघांपैकी कोणीही एकट्याने हे काम पार पाडू शकला नसता.

आपण कोणत्या प्रकारचे?

आल्याच्या गुळाच्या वड्या करण्याची कल्पना चांगली आहे. पण दुकानदाराला प्रत्येक वेळी तेच वजन, तीच चव आणि ठरल्या दिवशी माल हवा असतो. आधीची उधारी वसूल होण्यापूर्वीच तुम्हाला नवा पदार्थ खुणावत असेल, तर हिशेबी जोडीदार शोधा. उलट, तुमची वही चोख असून माल वर्षानुवर्षे एकच असेल, तर नवे सुचवणाऱ्याला सोबत घ्या.

कामाची वाटणी

१) नवा पदार्थ, चव, वेष्टन व ग्राहकांच्या सूचना कल्पक भागीदाराकडे द्याव्यात.
२) खरेदी, मजूर, साठा, परवाने, उधारी व बँक व्यवहार दुसऱ्याकडे द्यावेत.
३) प्रयोगासाठी वर्षाची रक्कम आधीच ठरवावी. ती संपली की त्या वर्षी नवा प्रयोग करू नये. मात्र तेवढ्या रकमेत व्यवहारी भागीदाराने आडकाठी करू नये.
४) आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून वही पाहावी.
५) पहिला हंगाम थोड्या मालावर काढावा. जोडी जमते की नाही, ते तेवढ्यात कळते.

करार लेखीच हवा

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसल्यास नफा-तोटा समान वाटला जातो. एकाचे भांडवल जास्त किंवा दुसऱ्याचे कष्ट जास्त, हे मग तोंडी सांगून उपयोग नसतो. शिवाय भागीदारीच्या व्यवहारात झालेल्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. म्हणजे भागीदार चुकीचा निवडला, तर घरादारावर बोजा येऊ शकतो. म्हणून भांडवल, नफ्याचा वाटा, कामाचा मोबदला आणि वेगळे होण्याची पद्धत कागदावर आणा व भागीदारी नोंदवा.

गट मोठा असल्यास

२००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद आली. १० किंवा अधिक उत्पादक अशी कंपनी स्थापन करू शकतात. तिला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांबाहेरचा असावा लागतो. धोरण शेतकरी संचालकांनी ठरवावे व रोजचा कारभार जाणत्या माणसाने चालवावा, असा त्याचा अर्थ. ही नेमणूक केवळ कागदोपत्री ठेवू नका. त्या माणसाला योग्य पगार व अधिकार द्या आणि दरमहा हिशेब मागा.

येत्या हंगामात यंत्रसामग्रीची चौकशी करण्यापूर्वी जोडीदाराची पारख करा. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. जोडी बिघडली तर उद्योगाबरोबर नातेही तुटते.