आवरणावरील स्त्री : झाडीपट्टीतील दारूबंदी-गीतांच्या निमित्ताने

गीताचा अभ्यास करताना आपण शब्द, चाल व सादरीकरण यांचा विचार करतो. परंतु ज्या आवरणातून ते गीत श्रोत्याच्या हाती पडते, त्या आवरणाचा विचार सहसा करीत नाही. ते काम चित्रकाराचे, मुद्रकाराचे वा विक्रेत्याचे, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी एक उदाहरण गृहीत धरू. चंद्रपूर जिल्ह्यातील सावली परिसरातील स्त्रियांनी दारूच्या प्रश्नावर रचलेल्या व गायिलेल्या गीतांचा एक ध्वनिसंच प्रकाशित करावयाचा आहे. त्याच्या आवरणावर काय असावे? हा प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थनिर्णयाचा आहे.

१. आवरण : संहितेचा उंबरठा

फ्रेंच समीक्षक जेरार जनेत याने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना इत्यादी घटकांना संहितेचे ‘उंबरठे’ म्हटले आहे. वाचक संहितेत प्रवेश करतो तो या उंबरठ्यावरून, आणि कोणत्या अपेक्षेने आत जावयाचे हे तेथेच ठरते. हे विवेचन ग्रंथाविषयीचे असले तरी ध्वनिमुद्रिकेलाही लागू पडते. अमेरिकेत १९४० च्या सुमारास अॅलेक्स स्टाइनवाइस याने कोऱ्या तपकिरी वेष्टनाच्या जागी चित्रमय आवरण आणले, तेव्हापासून गीत ऐकण्यापूर्वी ते ‘पाहिले’ जाऊ लागले.

माध्यम बदलले तशी या चित्राची जागाही आक्रसत गेली. मोठ्या ध्वनिमुद्रिकेचे आवरण सुमारे तीस सेंटिमीटर चौरस होते. ध्वनिफितीच्या डबीतील घडीच्या कागदाचा दर्शनी भाग जेमतेम दहा बाय साडेसहा सेंटिमीटरांचा उरला. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तेच चित्र अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. जागा जितकी लहान, तितका चित्रकार सर्वपरिचित खुणेचा आश्रय घेतो. स्त्रीच्या बाबतीत ही सर्वपरिचित खूण कोणती, हा खरा प्रश्न आहे.

२. परंपरेने दिलेल्या दोन प्रतिमा

मराठी मुद्रित संस्कृतीने स्त्रीची पहिली प्रतिमा दिली ती शोभनेची. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातील रंगीत चित्रांनी देवी व नायिका घरोघरी नेल्या. पुढे दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांच्या दिवाळी अंकांवरील सुस्वरूप स्त्रिया मराठी वाचकाच्या डोळ्यांत बसल्या. या चित्रांचे कलामूल्य निर्विवाद आहे. मात्र त्यांतील स्त्री पाहण्यासाठी आहे. ती काही सांगत असल्याचे क्वचितच जाणवते.

दुसरी प्रतिमा पीडितेची. विस्कटलेले केस, गुडघ्यांत खुपसलेले डोके, पाठीमागे उगारलेल्या हाताची सावली आणि कोपऱ्यात बाटली हे चित्र दारूबंदीच्या संदर्भात आपण सर्वांनी भिंतींवर व पत्रकांवर पाहिले आहे. त्यामागील हेतू प्रामाणिक असतो. पण पहिल्या प्रतिमेत स्त्री जशी निःशब्द, तशीच दुसरीतही. गीत तिचे, आवाज तिचा आणि आवरणावर मात्र ती तोंड लपवून बसलेली, असा हा विसंवाद आहे.

३. देसाईगंजचा धडा

पीडितेच्या प्रतिमेत आणखी एक धोका आहे. तो समजून घेण्यासाठी याच प्रदेशातील एका घटनेकडे वळावे लागते. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९८२ पासून ते गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्त केले. अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा या निर्णयाचा रोख होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायद्यात बदल झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या निर्णयातील तर्क महत्त्वाचा आहे. स्त्रीचे म्हणणे पुरेसे नाही, तिच्या शरीराने पुरावा दिला पाहिजे, असा तो तर्क होता. आवरणावर वळ, जखमा व अश्रू रंगविणारा सहृदय चित्रकारही नकळत हीच मागणी करीत असतो. ‘हिचे दुःख खरे आहे, पाहा खुणा,’ असे तो श्रोत्याला सांगतो. वास्तविक खुणा न दाखविताही तिचे म्हणणे ऐकले जावे, हीच त्या आंदोलनाची मागणी होती.

१९८३ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्यातील स्त्रीची ओळख प्रसिद्ध करण्यास प्रतिबंध केला. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या बहात्तराव्या कलमात आहे. देसाईगंज प्रकरण त्या मुलीच्या नावानेच ओळखले गेले. येथे ते नाव हेतुपुरस्सर दिलेले नाही. मात्र प्रौढ स्त्रीने स्वतः लेखी संमती दिल्यास तिचे नाव प्रसिद्ध करता येते, हेही ध्यानात घ्यावे. सारांश, नाव द्यावे की न द्यावे हा निर्णय प्रकाशकाने किंवा चित्रकाराने परस्पर घ्यावयाचा नसतो.

४. सावलीतील प्रश्न : बाटली आणि मोह

आता गृहीत उदाहरणाकडे येऊ. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी दीर्घकाळ चळवळ केली. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पदयात्रा काढली. १ एप्रिल २०१५ पासून तेथे बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. सावली तालुक्यातून वैनगंगा ओलांडली की बंदीचा जिल्हा लागतो. तेव्हा उंचावलेल्या मुठीचे विजयचित्र येथे असत्य ठरेल आणि पराभवाचे चित्र अपुरे.

मोहाचे फूल वा झाड दाखविणेही तितकेच सदोष होय. मोहापासून दारू निघते हे खरे. परंतु तो या वनप्रदेशातील अन्न आहे, पहाटे फुले वेचणाऱ्या स्त्रियांची मिळकत आहे, आणि गोंड समाजाच्या विधींत त्याला मानाचे स्थान आहे. आवरणावर मोहाला खलपुरुष केले, तर दारूविरुद्ध गाणाऱ्या स्त्रीच्या हातातील टोपलीच आपण गुन्हेगार ठरवितो.

मग बाटली? येथे महाराष्ट्रातील एका तरतुदीने चित्रकाराला अनपेक्षित साहाय्य केले आहे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना गुप्त मतदान मागता येते. त्या मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. निम्म्याहून अधिक मतांनी ‘बाटली आडवी झाली’ हा वाक्प्रयोग यातूनच रूढ झाला. पत्रकावरील नेहमीची बाटली दुःखाचे कारण दाखविते. आडवी बाटली स्त्रीचा निर्णय दाखविते. एका साध्या रेषाचित्रात ती बसते, नखाएवढ्या जागेतही ओळखू येते, कोणाचा चेहरा उघडा पाडीत नाही आणि कोणाला रडवीतही नाही. चिन्ह तेच आहे. केवळ दिशा बदलल्याने स्त्री कर्माच्या जागेवरून कर्त्याच्या जागी येते.

५. श्रेयनामावली

आवरणाला मागची बाजूही असते. या बाबतीत झाडीपट्टीच्या रंगभूमीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. धानाची कापणी आटोपल्यावर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या नाटकांची जाहिरातपत्रके वडसा म्हणजेच देसाईगंज येथील नाट्यमंडळ्या गावोगाव लावतात. त्यांवरील भडक रंगसंगतीला नाके मुरडली जातात. परंतु त्या पत्रकावर स्त्री-कलावंताचे नाव व छायाचित्र ठळकपणे असते, कारण प्रेक्षक त्या नावासाठी तिकीट काढतो. उलट शेतात रोवणा करताना गाणारी स्त्री आपल्या संग्रहांत ‘पारंपरिक’ या एका शब्दात विरघळून जाते.

याला सन्माननीय अपवाद म्हणजे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी उभा केलेला जात्यावरील ओव्यांचा संग्रह. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या प्रकल्पातील सामग्री २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध होत आली आहे. तेथे ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका, वय व व्यवसाय दिला जातो. अनेकदा तिचे छायाचित्रही असते. ओवीला कर्ती आहे, हे त्या नोंदीतून प्रथमच ठसते.

सावलीच्या ध्वनिसंचातही हेच व्हावे. मात्र एका मर्यादेसह. जी स्त्री स्वतःच्या घरातील मारहाणीविषयी गाते, तिला त्याच घरात परत जावयाचे असते. म्हणून प्रत्येक गायिकेस पृथक विचारावे. मुखपृष्ठाचा नमुना तिला दाखवावा, मागच्या बाजूचा मजकूर वाचून दाखवावा, आणि नाव, टोपणनाव वा केवळ गाव यांपैकी काय छापावे हे तिने ठरवावे. शीर्षकही प्रमाण मराठीत न ‘सुधारता’ झाडीबोलीत, तिच्या उच्चाराप्रमाणे ठेवावे.

६. समारोप

वरील विवेचनावरून आवरणचित्र तपासण्याचे तीन प्रश्न हाती येतात. या चित्रातील स्त्री काही करते आहे की तिच्यावर काही होते आहे? चित्र तिच्या शब्दांवर विश्वास ठेवते की तिच्या शरीराकडे पुरावा मागते? आणि तिचे नाव असणे वा नसणे हा कोणाचा निर्णय आहे? स्त्रीगीतांचे, स्त्री-आत्मकथनांचे वा लोकसाहित्याचे संग्रह पदव्युत्तर वर्गात शिकविताना पहिले पान उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी पुस्तक मिटलेलेच हाती धरून हे तीन प्रश्न विचारावेत. पुष्कळदा आतील संहिता जे सांगते, ते बाहेरच्या चित्राने आधीच खोडून टाकलेले असल्याचे त्यांना आढळेल.